उंदरांचे दात

“वाटण आता कशानं वाटू? कपाळानं?”

कुडापलीकडून सोनाबाईचा आवाज आला. मोठा नव्हता, आपल्यापुरताच होता; पण कारवीच्या कुडाच्या घरात आपल्यापुरतं असं काही राहत नाही. सुंदरा कुडाला पाठ लावून सुपात तांदूळ निवडत बसली होती. सासूची कुरकुर तिला कानाआधी पाठीला लागली.

चूक सोनाबाईचीच होती, म्हणून तर कुरकुर थांबत नव्हती. काल सुंदराच्या नवऱ्यानं, भिवाजीनं माळ्यावरून पाळणा खाली काढला आणि ओटीवरच्या तुळईला टांगला, तेव्हा तिनंच धावत जाऊन वरवंटा त्यात निजवला होता. रिकामा पाळणा घरात हलू नये. त्यातून सून आठव्या महिन्याची. वरवंट्यावर तिनं धुतलं फडकं पांघरलं, हळदीचं बोट लावलं, आणि आज विहीणबाई यायची म्हणून कोंबडा कापून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की खोबरं-मिरची वाटायला पाटा तेवढा जागा आहे.

“आये, काढ की तो घडीभर,” धाकटा पोपट म्हणाला.

“काढ म्हनं. आन् तेवढ्यात वारा सुटला म्हंजी?”

“मग त्याच्या जागी मी निजतो.”

“तू नीज. येवढा घोडा झाला तरी तुजी अक्कल त्यातच हाय अजून.”

शेवटी शेजारच्या इंदूबाईकडून वरवंटा आणावा लागला. इंदूबाईनं तो दिला, पण ‘तुमचा कुटं गेला ओ?’ असं विचारून दिला. म्हणजे सोनाबाईनं महिनाभर आधीच पाळणा खाली काढला, हे दुपारपर्यंत सगळ्या कडाव गावाला कळणार होतं. बाळंतपणाआधी कुणी पाळणा काढतं का? पण रंग द्यायचा तर तो वाळायला हवा, त्याचा उग्र वास जायला हवा. पोपट कर्जतच्या बाजारात पाट्या रंगवणाऱ्याच्या हाताखाली होता. लढाई चालू होती तोवर रंगाचा डबा बघायला मिळत नव्हता. आता दुकानांत डबे दिसू लागले होते, आणि त्यातला एक हिरवा त्यानं आईच्या सांगण्यावरून उचलून आणला होता.

सुंदरानं सूप पाखडलं. तिचं ध्यान सुपात नव्हतं. काल पाळणा खाली आला तेव्हापासून पोटातलं हाललं नव्हतं. आता हे सांगायचं कुणाला? सासूला सांगावं तर ती आधी पाळण्याकडे बघेल. नवऱ्याला सांगावं तर तो सासूला सांगेल. ती तळवा पोटावर ठेवून वाट बघत राहिली, आणि वाट बघताना तोच एक खडा तिनं दोनदा निवडला.

*

बायजा कुंभिवलीहून पहाटेची निघाली होती. बैलगाडीतून उतरली ती पाय झाडत, आणि लेकीच्या तोंडावरून हात फिरवून होतो न होतो तोच तिची नजर ओटीवर गेली.

“पाळना काढलाव?”

“रंगवायचा हाय,” सोनाबाई म्हणाली. “या, आदी पाय धुवा ईनबाय.”

बायजानं पाय धुतले नाहीत. “रंग? आमच्या पाळन्याला?”

पाळणा माहेरचा होता. बायजाच्या सासऱ्यानं स्वतः तोडलेल्या सागाचा, डोक्याकडे दोन राघू कोरलेला. दर दिवाळीआधी करंजेल चोळून चोळून लाकूड इतकं मऊ आणि काळसर झालं होतं, की उन्हात धरलं तर आतून तांबूस दिसे. सुंदरा त्यातच वाढली होती. तिचं पहिलं झालं तेव्हा बायजानं तो गाडीत घालून, वरून गोधडी टाकून, मिरवत कडावला आणला होता.

“सागाला कुनी रंग देतं काय ओ? रंग आंब्याच्या फळ्यांना देतात. लपवायचं असतं तेला रंग देतात.”

“लपवायचं काय असतंय? बरा दिसंल म्हनून. हिरवा हाय, शुभ असतोय.”

“लोक म्हनतील, बायजानं लेकीला जुना पाळना दिला, तो सासरच्यांनी रंगवून घेतला.”

“लोक काय, काईबी म्हनतात,” सोनाबाई म्हणाली, आणि इंदूबाईच्या घराकडे एकदा बघून घेतलं.

भिवाजी ओटीच्या खांबाशी उभा होता. रंगाचं त्यानं आधीच कबूल केलं होतं. आईचं म्हणून केलं होतं असं घर समजत होतं, पण त्याचं कारण वेगळं होतं. गेली दोन वर्षं तो माळ्यावर पेंढा काढायला चढे, तेव्हा पाळण्यावर टाकलेलं गोणपाट हटकून थोडं सरकलेलं असे. ते तो नीट करी. कोण सरकवतं हे त्यानं कधी विचारलं नाही. पाळणा हिरवा झाला की तो दुसराच पाळणा होईल आणि गोणपाट सरकायचं थांबेल, असं त्याला वाटत होतं. आता सासू नको म्हणाली तशी मात्र त्याच्या छातीवरून काही उतरल्यासारखं झालं.

“मामी म्हनतात त्येबी खरं हाय,” तो म्हणाला.

सोनाबाईनं लेकाकडे बघितलं. “काल तर हो म्हनालास.”

“काल मामी नवत्या.”

“मंग उद्या मामी गेल्यावर काय म्हनशील त्ये आत्ताच सांगून ठेव. मला बरं पडंल.”

पोपट खो खो हसला. बायजालाही हसू आलं, ते तिनं पदरात घेतलं. आणि हसत हसतच ती पाळण्याजवळ गेली, राघूंवरून हात फिरवला, मग कडेवरून. ओल्या फडक्यानं धूळ पुसावी तसा तिचा हात कडेवरून सरकत आला आणि मधोमध थांबला.

“हितं काय झालंय गं?”

सुंदरा दारात येऊन उभी होती. कोंबड्याचा रस्सा चुलीवर खदखदत होता, तेवढाच आवाज.

“उंदीर,” पोपट म्हणाला.

त्याच्या तोंडून ते आपोआप गेलं. गेल्यावर त्याला स्वतःलाच बरं वाटलं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

“माळ्यावर उंदीर लय झाल्यात मामी. समदं कुरतडतात.”

बायजाचं बोट अजून तिथंच होतं. कडेवर बारीक खळगे होते, दोन वर, दोन खाली, परत दोन, परत दोन. एकाच जागी, जिथं उभं राहिल्यावर लेकराचं तोंड टेकेल तिथं. बोटाला सगळं कळलं. डोळ्यांनी बघायची गरज पडली नाही. दोन वर्षांमागं शिमग्याला ती आली होती तेव्हा हेच दात तिच्या बोटाला लागले होते. ‘चावरी गं बाई,’ म्हणाली होती ती, ‘आज्जीला चावती.’

“हां,” बायजा म्हणाली. “उंदीर.”

आणि तिनं हात काढून घेतला.

*

जेवणं होईतो घरात उंदीरच उंदीर झाले. एकदा एक उंदीर आत घेतला की दहा आपोआप येतात, तसं. सोनाबाई म्हणाली, औंदा भात घरात आलं तेव्हाच तिला वाटलं होतं. बायजा म्हणाली, कुंभिवलीत तर मांजराच्या शेपटीवर नाचतात. भिवाजी म्हणाला, सापळा लावायला हवा. त्याला कुणीतरी सांगितलं की सापळ्यात भाकरी नको, सुका बोंबील लाव. त्यावर पोपट म्हणाला, “बोंबील लावला तर सापळ्यात पयला आमचा भिवाजीदादा गावंल.”

आणि सुंदरा हसली.

हसू असं अचानक सुटलं की तिचं पोट हादरलं, आणि त्या हादऱ्यानं आतलं दचकल्यासारखं हाललं. एकदा, मग लाथ मारल्यासारखं परत एकदा. तिनं पोटाला हात लावला. देवा, हाललं. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की आपण कशाला हसलो. हसू तोंडातच आंबट झालं. ताटातला घास तिनं बोटांनी कुस्करून ठेवला.

“जेव गं,” बायजा म्हणाली.

“जेवते.”

घरात एक नाव दोन वर्षं कुणी घेतलं नव्हतं. सोनाबाईनंच तसं घालून दिलं होतं. गेलेल्या लेकराचं नाव पुन्हा पोट राहायच्या घरात घेऊ नये. हाक ऐकली की ते मागं वळतं, आणि वळून आलेलं लेकरू एकटं परत जात नाही. इंदूबाईच्या थोरलीचं नावही तेच होतं, तर सोनाबाई तिला ‘अगं ए पोरी’ म्हणत असे. त्या पोरीला वाटे, म्हातारीला विसर पडायला लागलाय. झबली, वाळे, काजळाची डबी, सगळं आषाढातल्या त्या दिवशी ओढ्यापलीकडे लेकराबरोबरच गेलं. राहिला तो पाळणा. तो माहेरचा, सागाचा, असा कसा टाकायचा? म्हणून माळ्यावर गेला.

आणि गोणपाट सरकवायला माळ्यावर जायची ती सुंदरा होती. सगळे शेतावर गेले की शिडी लावून चढायची, कडेवरच्या खळग्यांत बोटाचं टोक ठेवायची आणि उतरायची. पोट वाढलं तसं चढणं बंद झालं होतं. लेकीचं दात पडायचं वय अजून यायचंच होतं. पडलेला दात कौलावर फेकून उंदीरमामाकडे नवा मागायचा खेळही व्हायचा होता. आणि आता सगळे मिळून ते दात उंदरालाच देऊन मोकळे झाले होते.

*

जेवणानंतर बायजानं पान लावलं आणि सोनाबाईपुढे धरलं. सोनाबाईला ते पान आवडलं नाही. विहीण बाजू बदलणार असली की आधी पान देते, हे तिला लग्नाच्या बोलणीपासून ठाऊक होतं.

“मी काय म्हनते ईनबाय. द्या रंग.”

“सकाळी तर नको होता.”

“सकाळी मी बगितला नवता नीट. लय खराब केलाय उंदरांनी. बरं नाय दिसत.”

“आमच्या घरात उंदीर जास्त, असं म्हनायचंय काय?”

“तसं कुटं म्हनले? पन माजी पाच पोरं त्यात वाडली. पाचीच्या पाची. एक केस वाकडा झाला नाय. पाळना काय वाईट नाय आमचा.”

बोलली आणि बायजाचं पान तोंडात तसंच राहिलं. तिला पाळण्याची बाजू घ्यायची होती. पण पाळण्याचं नव्हतं तर मग दोष कुणाचा, हे वाक्य तिच्यामागून आपल्या पायांनी चालत ओटीवर आलं. ते लेकीच्या पायाशी जाऊन बसलं. सुंदरानं मान खाली घातली. भिवाजी उठून अंगणात गेला, बैलांना उगाच पाणी दाखवलं. बैल आत्ताच पाणी प्यालेले होते, त्यांनी तोंड फिरवलं.

सोनाबाईनं सुनेकडे बघितलं आणि पहिल्यांदा तिला विहिणीचा खरोखरचा राग आला. पोरीच्या तोंडावर असं बोलतात? पण ती म्हणाली ते वेगळंच.

“उंदीर कुनाच्या घरात नसतात? आले, कुरतडलं, गेले. पोपट, डबा उघड.”

पोपटनं डबा उघडला. साय धरलेली होती. काडीनं ती बाजूला केली तसा गच्च हिरवा रंग वर आला आणि वासानं सगळ्यांचे डोळे चुरचुरले. सुंदरानं पदर नाकाला लावला. तो तिथं बरा होता. वासाचंही निमित्त होतं.

“काचकागदानं मागनं घासायचं,” पोपट म्हणाला. “आदी खळग्यांत लांबी भरायची. नायतर रंगाच्या आतूनबी दिसत ऱ्हातात.”

“भर मग.”

“समदे?”

“समदे.”

खडूची पूड आणि जवसाचं तेल तळहातावर मळून तो लांबी करू लागला. पाट्यांवर तो हे रोज करायचा. तडा, भोक, खिळ्याची जागा, काहीही असो. अंगठ्यानं दाबायचं, पातीनं सपाट करायचं, संपलं. गोळा मळून झाला. तो पाळण्यापुढे उकिडवा बसला. कड आता त्याच्या तोंडासमोर आली. त्याला आठवलं, तो असाच बसायचा. असाच उकिडवा, आणि तोंड फुगवायचा, आणि समोरून कडेवर दोन मुठी आणि त्यावर एक ओली हनुवटी यायची. ‘का’ म्हणायची ती त्याला. काका एवढं लांब नाव तिला पुरत नव्हतं.

त्याचा अंगठा हवेतच राहिला.

“काय झालं?” सोनाबाई म्हणाली.

“पात बोथट हाय.”

“लांबी तर अंगठ्यानं भरतोस की.”

“उद्या करू. ऊन उतरलंय.”

“ऊन कुटं उतरलंय?”

“मंग तूच कर!” पोपट एकदम ओरडला, आणि लांबीचा गोळा आईच्या हातावर आपटून उठला. एवढ्या वर्षांत तो आईवर ओरडला नव्हता. ओरडून तो अंगणात भावाशेजारी जाऊन उभा राहिला. दोघे भाऊ ओटीकडे पाठ करून बैल बघत राहिले.

सोनाबाईच्या हातावर तो गोळा गार लागला. आता माघार घेतली तर का घेतली हे सांगावं लागलं असतं. तिला हिरव्याचं काही पडलेलं नव्हतं. दिसण्याचंही नव्हतं. तिच्या मनात एकच होतं आणि ते तोंडात आणण्यासारखं नव्हतं: ती आली, तर आपला पाळणा तिला ओळखू येऊ नये. हिरवा असला की तिला वाटेल, हा दुसऱ्याचा. ती जाईल पुढं. रडत जाईल कदाचित. पण जाईल, आणि आत निजलेलं वाचेल. दोन वर्षांमागं तीन रात्री मांडीवर घेऊन बसली होती ती त्या पोरीला, ताप हाताखाली चढत होता, आणि आता तिलाच दारातून परतवायची तयारी चालली होती. यापुढं आपल्याला कुठला देव आज्जी म्हणू देणार आहे, हेही तिच्या मनात येऊन गेलं. तरी तिनं पदर खोचला.

“ईनबाय, जरा धरा पाळना. हलतोय.”

बायजानं पाळणा धरला. तिनं तो घाईनं आपल्याकडे ओढला, म्हणून तो जास्तच हलायला लागला. आतला वरवंटा फडक्याखाली एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळला, झोपेत लेकरू वळतं तसा. दोघींनी तो आवाज ऐकला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

सुंदरा दारातून पुढं आली. सासूच्या मनातलं तिला शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं, पण या घरात सगळं कुडातूनच कळायचं. पाळणा लपवायचा होता, तो माणसांपासून नव्हे. ती आली आणि तिला आपली जागा ओळखूच आली नाही तर? ओटीवर उभी राहील, खांबाला धरून, नुकती उभी राहायला शिकलेली. बघेल सगळं हिरवं. आणि तिला तर धड आईसुद्धा म्हणता येत नव्हतं, हाक काय मारणार ती?

पण नाव घ्यायचं नव्हतं. नाव घेतलं आणि पोटातलं गेलं, तर ते नावामुळे गेलं असंच सगळे म्हणतील. ती स्वतःसुद्धा म्हणेल. तिनं पोट दोन्ही हातांनी धरलं.

“आत्याबाय, ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “लाकूडच बरं दिसतंय.”

“बरं काय दिसतंय त्यात?”

“तेल लावू. करंजेल. मी चोळते.”

“तू वाकू नको. बस खाली.” सोनाबाईचा आवाज चढला होता, पण राग त्यात नव्हता, घाई होती. “एकदा भरलं की झालं. दिसनार नाय, आठवनार नाय. बस म्हनते ना.”

“बस गं सुंदरा,” बायजाही म्हणाली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. रंगाच्या वासानं येतं तसं.

सुंदरा बसली नाही.

सोनाबाईनं गोळ्यातली चिमूट तोडली, पहिल्या खळग्यावर ठेवली आणि अंगठा दाबला. खळगा भरला. लाकडाच्या काळ्या कडेवर एक पांढरा ठिपका झाला, दुधाच्या दाताएवढा. तो बघून तिचा अंगठा क्षणभर तिथंच अडला. मग तिनं दुसरी चिमूट तोडली आणि हाताला काम असताना तोंडाला सवयीनं जे येतं ते तोंडाला आलं.

“लय कुरतडून ठेवलंय मेल्या उंदरांनी...”

अंगणातले दोघे भाऊ वळले. सोनाबाईचा हात हवेत राहिला. तिला स्वतःलाच आपला शब्द ऐकू आला होता.

सुंदरानं पुढं होऊन सासूचं मनगट धरलं. तिच्या हाताला जोर नव्हता, पण सोनाबाईनं तो सोडवून घेतला नाही. सुंदरानं दुसऱ्या हाताच्या नखानं त्या खळग्यातली ओली लांबी टोकरून काढली. सगळी. मग ती बोलली, इतक्या हळू की कुडापलीकडे गेलं नसतं, पण अंगणापर्यंत गेलं.

“आत्याबाय, तिला उंदीर नका म्हनू. जना म्हना.”